तगाईपासून अनुदानापर्यंत : देवनारच्या बाजारामागचा शेतकरी

बकरी ईद जवळ आली की देवनारच्या बाजारात लाखाहून अधिक बकरे उतरतात. काही राजस्थान-गुजरातचे, काही आपल्या सोलापूर, नगर, मराठवाड्याचे. आपण दात पाहतो, घासाघीस करतो आणि कुर्बानीचा बकरा घरी आणतो. तो ज्या घरातून आला त्या घराचा हिशेब मात्र आपण फारसा विचारत नाही.

कोरडवाहू दोन-तीन एकर असलेल्या घरात शेळी ही बँकेतली ठेव असते. पाऊस दगा देतो तेव्हा सोयाबीन, तूर हातची जाते, पण शेळी बोरी-बाभळीच्या पाल्यावर तग धरते. उस्मानाबादी जातीची शेळी बऱ्याचदा जुळी करडे देते. शिवाय गेली काही वर्षे बकरी ईद मे-जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर येते आहे. देवनारला विकलेल्या बकऱ्याचे पैसे कितीतरी घरांत बियाणे होऊन जमिनीत जातात.

मग सरकार काय करते? हा प्रश्न जुना आहे. ‘तगाई’ हा मराठीत रुळलेला शब्द अरबी-फारसी ‘तकावी’वरून आला. त्याचे मूळ ‘कुव्वत’ या शब्दाचेच, म्हणजे बळ देणे. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने दुष्काळात दोआबच्या शेतकऱ्यांना कर्जे दिली होती. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैल द्या, पोटाला धान्य द्या आणि वसुली करताना व्याज न घेता, त्याला झेपेल तशी फक्त मुद्दल घ्या, असा त्याचा आशय. मदतीची सुरुवात बैलापासून होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजांनी तगाईचे कायद्यात रूपांतर केले. १८७५ला दख्खनचे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, पाठोपाठ १८७६-७८चा भीषण दुष्काळ आला. मग १८८३चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४चा शेतकरी कर्ज कायदा झाला. पण कर्जाला तारण हवे, तारणाला जमीन हवी, आणि कागद हलायला वेळ लागे. सावकार त्याच रात्री पैसे देई. म्हणून व्याज जास्त असूनही लोक त्याच्याच दारात गेले.

देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला आणि लगेच १९७२चा दुष्काळ आला. त्या दुष्काळात सरकारने कर्जाऐवजी काम दिले. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर पसरली. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. १९७७ला त्याचा कायदा झाला. कुदळ उचलणाऱ्याला कोणी सातबारा विचारत नव्हते, आणि हेच या योजनेचे मोठेपण होते.

याच देवनारमध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आहे. शेतकरी आत्महत्यांवर तिने २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला. वारंवार बुडणारे पीक, वाढता खर्च आणि कर्ज ही तिकडी त्यात होती. २०१८ला जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, सुरू झाला. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी १५ जिल्ह्यांतल्या सुमारे पाच हजार गावांत ठिबक, शेततळी, शेडनेट, आणि भूमिहीनांसाठी शेळीपालनही. योजना चांगली आहे. अडचण एवढीच की खर्च आधी करायचा आणि अनुदान नंतर खात्यात यायचे. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत, तो पुन्हा उसनवारीलाच जातो. तगाईच्या काळातला सावकार नाव बदलून आजही हयात आहे.

त्यात २०१५ला गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. पूर्वी चारा संपला की थकलेला बैल विकून शेतकरी त्या पैशात काही भर घालून तरणा बैल घेई. तो मार्ग बंद झाला. २०२५च्या पावसाळ्यात, वाटेत होणाऱ्या त्रासाला कंटाळून कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा आठवडी बाजारांत शेतकऱ्यांची जनावरे गिऱ्हाईकाविना उभी राहिली. ते शेतकरी बहुतेक हिंदू होते. घेणारा मुसलमान आणि विकणारा हिंदू ही साखळी तुटली की नुकसान दोन्ही टोकांना होते.

हवामान बदलते आहे, पावसाचे खंड लांबत आहेत. अशा वेळी मदत म्हणजे फक्त ठिबकची नळी नव्हे. तालुक्याच्या दवाखान्यात शेळीला वेळेवर लस मिळणे, तिचा विमा सोपा असणे, अनुदान खर्चाआधी हातात पडणे आणि जनावर बाजारापर्यंत निर्धोक पोहोचणे, हीसुद्धा मदतच आहे. तकावीचा अर्थ बळ देणे असा होता. आजच्या प्रत्येक योजनेला आपण तेवढेच विचारावे : बळ कोणाला मिळाले, आणि पेरणीच्या आधी मिळाले का?