यंत्र कुणाचं?

डायलिसिसचं यंत्र कुणी शोधलं असं विचारलं, तर विलेम कोल्फ या डच डॉक्टरांचं नाव येतं. ते बरोबरच आहे. पण त्यांच्याबद्दल वाचत गेलो तसं वाटायला लागलं, की हा सातबारा एकट्याच्या नावावर चढवता येणार नाही.

१९१३ मध्ये बाल्टिमोरला एबल आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांचं रक्त नळ्यांतून फिरवून गाळून दाखवलं. १९२४ मध्ये जर्मनीत, गीसेनला जॉर्ज हास यांनी तेच पहिल्यांदा माणसावर केलं. रक्त गोठू नये म्हणून तेव्हा जळवांपासून काढलेलं द्रव्य वापरत आणि त्याचा रुग्णाला त्रास व्हायचा. पुढे हेपारिन आलं. ते सापडलं बाल्टिमोरला, शुद्ध झालं टोरंटोत.

कोल्फ यांच्या हाताशी हे सगळं होतं. नव्हती ती शांतता. १९४० मध्ये जर्मनांनी नेदरलँड्स घेतलं, तेव्हा त्यांच्या ज्यू विभागप्रमुखांनी पत्नीसह आत्महत्या केली. त्या खुर्चीत नाझी माणूस आला. त्याच्या हाताखाली काम नको, म्हणून कोल्फ ग्रोनिंगेन सोडून कांपेन या लहान गावी गेले. तिथे एनॅमलच्या कारखानदाराच्या मदतीने यंत्र उभं राहिलं: लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप, त्याभोवती सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी, खाली क्षारांच्या पाण्याचं टाकं. १९४३ मध्ये पहिला रुग्ण त्यावर आला. पहिल्या पंधरा जणांत यंत्रामुळेच वाचला असं छातीठोकपणे सांगावं, असा एकही नव्हता. १९४५ मध्ये वाचली ती ६७ वर्षांची एक बाई, नाझींना साथ दिली म्हणून कैदेत असलेली! कोल्फ यांनी तिलाही यंत्रावर घेतलं. ती शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली.

युद्ध संपल्यावर त्यांनी आपली यंत्रं लंडन, माँट्रियल आणि न्यू यॉर्कला चक्क देऊन टाकली. बॉस्टनच्या ब्रिगॅम हॉस्पिटलला आराखडे दिले. तिथल्या डॉक्टरांनी सुधारलेलं यंत्र कोरियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या कामी आलं.

आमच्या मामांना तुमच्यातले बरेच जण ओळखतात. त्यांच्या डाव्या मनगटावर बोट ठेवलं, तर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. तो फिस्टुला, म्हणजे धमनीला जोडलेली शीर. ही युक्ती न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. गंमत पुढेच आहे. १९९६ पासून अमेरिका, जपान आणि युरोपातले पाच देश आपापल्या डायलिसिस रुग्णांच्या नोंदी एकत्र ताडून पाहू लागले. या पाहणीचं नाव 'डॉप्स'. २००२ मध्ये आकडे आले: फिस्टुला युरोपात ८० टक्के रुग्णांना, अमेरिकेत फक्त २४ टक्क्यांना! बाकीच्यांना कृत्रिम नळी किंवा कॅथेटर, ज्यात जंतुसंसर्गाची भीती जास्त. शेजाऱ्याची वही पाहिली नसती, तर आपलं चाललंय ते ठीकच, असं वाटत राहिलं असतं. २००३ मध्ये अमेरिकेत फिस्टुलासाठी मोहीमच सुरू झाली.

असो. नात्यातल्या मंडळींसाठी एक सांगतो. घरात कुणाला पुढे डायलिसिस लागेल असं डॉक्टर म्हणाले, तर फिस्टुलाबद्दल तेव्हाच विचारा. तो तयार व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.