वेशीबाहेरचा अरफज

कुवेतच्या शर्क भागातल्या ऑफिसातून दुपारी मी कधी कधी जुन्या वेशीपर्यंत पाय मोकळे करून येतो. 1920 मध्ये इखवान टोळीवाल्यांच्या धास्तीनं कुवेतकरांनी काही महिन्यांतच मातीचा तट उभारला. शर्क म्हणजे तटाआतलं पूर्वेकडचं, दर्यावर्द्यांचं गाव. शहराचा 1952 चा आराखडा इंग्रज नगररचनाकारांनी केला. सरकारनं तेलाच्या पैशातून तटाआतली घरं चढ्या भावानं विकत घेतली, माणसं उपनगरांत गेली. 1957 मध्ये तटही पाडला. वेशी राखल्या, तटाच्या जागी हिरवा पट्टा आखला. गावठाण रिकामं करून बाग लावायची, हा हिशेब मला अजून पटत नाही.

समुद्रासमोर डिक्सन हाऊस आहे. तिथं 1929 पासून राहिलेल्या व्हायोलेट डिक्सनबाईंनी वाळवंटातल्या रानफुलांवर 1955 मध्ये पुस्तक काढलं. एका रानफुलाच्या शास्त्रीय नावात त्यांचं आडनाव आहे. त्याच वाळवंटातल्या अरफज झुडपाचं फूल हे कुवेतचं राष्ट्रीय फूल. भटके बदू त्या झुडपावर उंट चारत, त्याचंच सरपण करत. अति चराई आणि वाळूत उधळणाऱ्या गाड्यांनी ते विरळ झालं. आमच्या इमारतीसमोर मात्र नळाच्या पाण्यावर पेटुनिया डोलतात. ते पाणीही समुद्राचं, गोडं केलेलं.