रातकिडा : चेतासंस्था आणि वर्तन

रातकिडा हा ग्रायलिडी कुलातील निशाचर कीटक. वरूड तालुक्यात (जि. अमरावती) संत्र्याच्या बागांत, बांधाच्या गवतात आणि ढेकळांच्या फटींत त्याची किरकिर ऐकू येते. गातो फक्त नर. त्याच्या एका पुढच्या पंखाच्या शिरेवर बारीक दाते असतात. दुसऱ्या पंखाची कड त्यांवरून घासली की आवाज निघतो. गाण्याचा हुकूम मेंदू देतो, पण ताल धरतात पोटातल्या गुच्छिका.

कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. मादी केवळ आवाजावर नर शोधते, हे योहान रेगेन यांनी 1913 मध्ये दाखवले: नराचे गाणे टेलिफोनवरून ऐकवताच मादी रिसीव्हरकडे चालत आली. स्वतःच्याच गाण्याने नर बहिरा कसा होत नाही, हा याहून अवघड प्रश्न. 2006 मध्ये केंब्रिजच्या पूले आणि हेडविग यांना दोन्ही बाजूंना एकेक अशी चेतापेशी सापडली, जी पंख मिटताना नेमक्या त्या क्षणी श्रवणमार्ग दाबून धरते. एवढ्या कामाला एक पेशी पुरते, हे विलक्षणच.

रात्रीच्या विजेवर ओलीत करणाऱ्याचे पाऊल जवळ आले की किरकिर थांबते. पायांतील इंद्रिये जमिनीचा कंप टिपतात, तर शेपटाकडच्या दोन शूकांवरचे केस हवेची हालचाल. उडताना वटवाघळाचा श्रवणातीत आवाज कानी पडताच रातकिडा दिशा बदलतो. नरांच्या झुंजीत हरलेला काही तास माघारच घेतो. मात्र त्याला उडायला लावले की तो पुन्हा भिडतो. यामागे ऑक्टोपामिन हे रसायन असते.

भारतात या विषयावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने महत्त्वाचे काम केले आहे. इकँथस हेन्री या झाडावरच्या रातकिड्याचे काही नर पान कुरतडून भोक पाडतात आणि त्यात बसून गातात. आवाज मोठा होतो. ही युक्ती मुख्यतः लहान चणीचे, बारीक आवाजाचे नर वापरतात.

शरीराचे तापमान हवेवर अवलंबून असल्याने थंडीत ताल मंदावतो. किरकिर मोजून तापमान सांगणारे डॉल्बेअर यांचे 1897 चे सूत्र प्रसिद्ध आहे, पण ते अमेरिकेतील रातकिड्यांवरून बसवलेले. जात बदलली की आकडे बदलतात. वरूडच्या बांधावर ते जसेच्या तसे लावू नये.