चेन्नईत प्रत होती, तरी बाजार थांबला : २४ फेब्रुवारी २०२१

सकाळी ९:१५
बुधवार. उद्या फेब्रुवारीच्या वायद्यांची एक्स्पायरी, म्हणून उलाढाल जोरात. राष्ट्रीय शेअर बाजाराचं (एनएसई) मुख्य संगणक केंद्र मुंबईत, जवळचं पर्यायी केंद्रही मुंबईतच. खऱ्या संकटासाठीचं केंद्र मात्र हजार किलोमीटरवर, चेन्नईत.

सौद्यांच्या नोंदी शेवटी फाईलमध्ये जातात आणि फाईल वाढत राहते. प्रोग्रामला ती स्वतः वाढवता येत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो: 'राइट' कॉलने मजकूर जोड, किंवा 'एफट्रंकेट'ने आकारच बदल. सिस्टिम ते काम स्टोरेजकडे सोपवते. दोन केंद्रांत एकाच वेळी लिहायचं असेल, तर दोन्हीकडची पोच आल्याशिवाय नोंद पक्की होत नाही.

दहा वाजून गेल्यावर
एनएसईच्या निफ्टी निर्देशांकाचे आकडे हलायचे थांबतात.

मुंबईतल्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या लाइन्स दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्ही डळमळल्या. एनएसईने पुढे कारण दिलं ते रस्त्यावरच्या खोदकामाचं आणि बांधकामाचं. अशा वेळी मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवायला हवं. पण तिथलं 'सॅन' (नेटवर्कवरून जोडलेलं सामायिक स्टोरेज) सर्व्हरना प्रतिसादच देईना.

डिस्क भरली तर सिस्टिम 'जागा नाही' असं स्पष्ट सांगते. प्रोग्राम त्यावर काही उपाय करू शकतो. स्टोरेजने होही म्हटलं नाही आणि नाहीही, तर कॉल परतत नाही आणि प्रोग्राम तिथेच अडकतो. नकारापेक्षा हे मौन जास्त घातक.

११:४०
वायदे बाजार बंद. तीन मिनिटांनी रोखीचा बाजारही बंद.

सौदे जुळवणारी यंत्रणा धडधाकट होती. बंद पडली होती ती सौद्यांची पूर्तता पाहणाऱ्या एनएसई क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन यंत्रणा. कोणत्या ब्रोकरने किती जोखीम घेतली आणि त्याचं मार्जिन पुरेसं आहे का, हे तपासणारं कोणी उरलं नाही. तशा अवस्थेत सौदे चालू ठेवणं धोक्याचं होतं. थांबवणं योग्यच होतं.

दुपारी १२ ते ३
मुंबई शेअर बाजार (बीएसई) चालू आहे. एनएसईवर पोझिशन घेतलेले मात्र अडकले आहेत. चेन्नईकडे व्यवहार वळवले जात नाहीत.

असा निर्णय सोपा नसतो. दूरची प्रत साधारणपणे थोडी मागे असते. शेवटच्या क्षणांच्या नोंदी जुळवून घ्याव्या लागतात. पण संकटकाळाचं केंद्र उभारतात ते असाच कठीण निर्णय घेता यावा म्हणून.

३:१५ च्या पुढे
बाजार पुन्हा उघडणार, पाचपर्यंत चालणार, अशी घोषणा होते. ती फार उशिरा आली. साडेतीनला दिवस संपणार या हिशेबाने अनेक ब्रोकरांनी ग्राहकांच्या इंट्राडे पोझिशन्स आधीच कापल्या होत्या, काहींनी बीएसईवर जाऊन.

३:४५
एनएसई पुन्हा सुरू. चार तास गेलेले.

त्यानंतर
बाजाराची नियामक संस्था सेबीने त्याच दिवशी विचारलं: व्यवहार संकटकाळाच्या केंद्राकडे का नेले नाहीत? मार्च २०२१ मध्ये नियम आला: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करा. २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंग यांनी ७२ कोटींहून अधिक रक्कम भरून हे प्रकरण मिटवलं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी एनएसईचं खास सत्र झालं. त्यात काही वेळ खरे सौदे संकटकाळाच्या केंद्रावरून चालवले गेले.

'एफट्रंकेट'ने फाईल दहा गिगाबाइटची करता येते. बहुतेक फाईल सिस्टिमवर त्यासाठी डिस्कवरची जागा मात्र राखली जात नाही. फाईल मोठी दिसते, आणि प्रत्यक्ष लिहायला गेलं की जागा नाही असं कळतं. जागा राखायची तर 'एफॲलोकेट' हा वेगळा कॉल करावा लागतो. त्या बुधवारी चेन्नईचं केंद्र बाजारासाठी असंच, आकार असलेलं पण कामाला न आलेलं ठरलं. पर्यायी केंद्र बांधून भागत नाही. त्यावर खरे सौदे चालवून बघावे लागतात, आणि तिकडे वळायचा निर्णय कोणी, किती मिनिटांत घ्यायचा हे संकटाआधीच ठरलेलं असावं लागतं. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेचं हे कर्तव्य आहे.