लवकर की खात्रीने? गर्भतपासणीची पन्नास वर्षे

आई-वडील दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक. अशा घरात दोनच प्रश्न असतात : बाळ कसं आहे, आणि ते कधी कळेल?

१९६६ साली गर्भजलातील पेशी वाढवून गुणसूत्रे पाहणे जमले. पण ही सुई सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, त्यावर पेशी वाढायला दोन-तीन आठवडे. तोवर आईला बाळाची हालचाल जाणवू लागे. म्हणून वारेचा कण काढून तपासण्याची पद्धत, सीव्हीएस, पुढे आली. १९७५ मध्ये चीनमधील आन्शानच्या डॉक्टरांनी ती मुलगा-मुलगी ओळखण्यासाठी वापरली, हे सांगायलाच हवे. १९८२ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी तीच थॅलेसेमियासारख्या रक्तविकारांसाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले.

आमच्यासाठी या आठवड्यांना आणखी एक अर्थ आहे. मक्केतील इस्लामी फिक्ह परिषदेने १९९० मध्ये म्हटले की, गर्भात गंभीर आणि असाध्य व्यंग असल्याचे विश्वासू तज्ज्ञांनी सिद्ध केले, तर आई-वडिलांच्या मागणीवरून १२० दिवसांच्या आत गर्भपात जायज आहे. म्हणजे उशिरा आलेले उत्तर कधीकधी उत्तरच राहत नाही.

पण घाईचीही किंमत पडते. १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी कळवले : सीव्हीएस झालेल्या २८९ गरोदरपणांत पाच बाळांच्या हातापायांत गंभीर व्यंग. पाचही तपासण्या ५६ ते ६६ दिवसांच्या दरम्यान झालेल्या. तेव्हापासून दहा आठवड्यांपूर्वी ही तपासणी टाळतात. शिवाय शंभरात एक-दोनदा वारेत दोष दिसतो, आणि पुष्कळदा बाळात तो नसतोच.

१९९७ मध्ये डेनिस लो यांना आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए सापडला. २०११ पासून त्यावरची तपासणी बाजारात आली. सुई आईच्या दंडाला, गर्भाला धोका नाही. डाऊन सिंड्रोमसाठी ती चांगली. दुर्मीळ दोषांत मात्र 'दोष आहे' हा निकाल अनेकदा चुकतो. ती चाळणी आहे, निवाडा नव्हे.

महाराष्ट्राने लिंगनिदानावर १९८८ मध्येच कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. यंत्राची नियत नसते, माणसाची असते.

तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा : ही चाळणी आहे की पक्के निदान? आणि दोष निघाला, तर खात्री कशाने करायची? या उत्तरांआधी कोणताही निर्णय घेऊ नका.