सत्र संपतं तेव्हा : परदेशी शिक्षक लाफ्काडिओ हर्न



शाळेचं सत्र संपतं तेव्हा मुलांना सुट्टी लागते आणि शिक्षकाच्या टेबलावर पेपरांचे गठ्ठे येऊन पडतात. हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण शिक्षक परदेशी असेल, करारावर आणलेला असेल, तर गठ्ठ्यांच्या जोडीला एक प्रश्नही येतो : पुढच्या सत्रात आपण इथे असू का? आज आम्ही हा प्रश्न एका माणसाच्या आयुष्यातून पाहणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६८ नंतर, म्हणजे मेइजी काळात, जपानने परदेशी अभियंते, डॉक्टर, शिक्षक पगार देऊन बोलावले. त्यांना 'ओयातोई गाइकोकुजिन' म्हणत. अर्थ सरळ : कामावर ठेवलेले परदेशी. पगार भरपूर, पण करार मुदतीचा. त्यांच्याकडून शिकून घ्यायचं, आपली माणसं तयार करायची आणि मग त्यांना निरोप द्यायचा. आपल्याकडची स्थिती अगदी उलटी होती, हे लक्षात घ्या. डेक्कन कॉलेजातला इंग्रज प्राध्यापक हा राज्यकर्त्यांचा माणूस होता. आपण त्याला नेमलं नव्हतं. जपानमधला परदेशी शिक्षक मात्र जपान्यांचा नोकर होता.

असाच एक नोकर म्हणजे लाफ्काडिओ हर्न. जन्म १८५० चा, ग्रीसमधल्या लेफ्कादा बेटावरचा. आई ग्रीक, वडील आयरिश. शाळेत असताना डावा डोळा गेला, उजव्याची दृष्टीही अधू. अमेरिकेत बरीच वर्षं वृत्तपत्रांत काम करून १८९० मध्ये तो जपानला आला आणि ऑगस्टअखेर मात्सुए नावाच्या आडबाजूच्या गावात इंग्रजीचा शिक्षक झाला. पगार महिना १०० येन. माध्यमिक शाळा आणि अध्यापक विद्यालय अशा दोन्ही ठिकाणी वर्ग.

त्याचा रोजचा दिवस कसा होता, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. भाषा येत नाही, चालीरीती ठाऊक नाहीत. निशिदा सेन्तारो नावाचे सहकारी शिक्षक त्याला हाताला धरून सगळं समजावून देत. घरी आल्यावर निबंधांच्या वह्या अगदी डोळ्याजवळ धरून तपासायच्या. तपासताना त्याच्या ध्यानात आलं, की विषय कोणताही द्या, मुलांच्या उपमा जवळजवळ सारख्याच. कोणताही पाश्चात्त्य शिक्षक म्हणाला असता, या मुलांना स्वतःची कल्पनाशक्तीच नाही. हर्न तिथे थांबला नाही. या उपमा शतकानुशतकं घडत आलेल्या आहेत, मुलांना त्या वारशाने मिळाल्यात, असा उलगडा त्याने केला. तपासणाऱ्याने आधी स्वतःची मोजपट्टी तपासली. आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते.

त्या वर्षात त्याचे दोन विद्यार्थी वारले. त्यांतल्या एकाने आजारपणात हट्ट धरला : शाळा एकदा पाहायची आहे. थंडीच्या रात्री घरच्या नोकराने त्याला पाठीवर घेऊन शाळेपर्यंत नेलं. शाळा अंधारात होती. आपल्या वर्गाच्या खिडक्या बघून मुलगा परतला. आपल्या वर्गाचं कुणाला इतकं काही वाटत असेल, याचा पत्ता शिक्षकाला बहुधा उशिराच लागतो.

मात्सुएत हर्न जेमतेम सव्वा वर्ष राहिला. थंडी सोसेना म्हणून नोव्हेंबर १८९१ मध्ये तो कुमामोतोला गेला. निरोपाला शिक्षकांनी फुलदाण्या दिल्या, माध्यमिक शाळेच्या मुलांनी तलवार दिली, आणि जाण्याच्या दिवशी सकाळीच मुलं धक्क्यापर्यंत पोचवायला म्हणून त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

आता दुसरा निरोप बघा. १८९६ मध्ये हर्न जपानी नागरिक झाला, कोइझुमी याकुमो हे नाव त्याने घेतलं. बायको कोइझुमी सेत्सु, तिचंच आडनाव. त्याच वर्षी तो टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. पगार महिना ४०० येन. तासांच्या मधल्या वेळात तो शिक्षकांच्या खोलीत फारसा बसत नसे. आवारातल्या तळ्याकाठी पाइप ओढत फिरे. १९०३ च्या सुरुवातीला त्याला कळवण्यात आलं, की मार्चअखेर करार संपतोय. विद्यार्थ्यांनी सभा घेतल्या, विरोध केला. विद्यापीठाने मग कमी तासांची तडजोड सुचवली; ती त्याने नाकारली. त्याच्या जागी जे आले त्यांत नुकताच लंडनहून शिकून परतलेला नात्सुमे सोसेकी होता, पुढे थोर कादंबरीकार झालेला. १९०४ च्या सप्टेंबरमध्ये हर्न वारला.

यात अन्याय कुणी केला? सरकारचा हिशेब तर सुरुवातीपासून उघड होता. शिक्षकाचं कामही तेच नाही का, आपली गरज संपवणं? सोसेकीसारखा माणूस तयार झाला याचा आनंदच व्हायला हवा. तर्क बरोबर आहे. तरी हर्न दुखावला, आणि त्याचं दुखावणं आम्हाला खोटं वाटत नाही. त्याने नागरिकत्व घेतलं, संसार तिथे केला, नाव बदललं. पण विद्यापीठाच्या लेखी तो कामावर ठेवलेला परदेशीच राहिला. 'तुझी गरज संपली' आणि 'तू आमचा नव्हतासच' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. करार संपवणाऱ्याने पहिलं उच्चारलं तरी ऐकणाऱ्याला दुसरं ऐकू येतं.

आमचंच सांगतो. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या सत्रात आम्हाला वाटत होतं, आपल्याशिवाय हा वर्ग कसा चालायचा! जूनमध्ये तो व्यवस्थित चालू झाला. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आम्ही तर आपल्याच गावात, आपल्याच भाषेत होतो.

एक गोष्ट राहिली. हर्नने ती व्याख्यानं लिहून काढलेली नव्हती. तो सावकाश बोले आणि विद्यार्थी शब्द न् शब्द उतरवून घेत. त्या वह्यांवरून १९१५ मध्ये जॉन अर्स्किन यांनी त्याच्या व्याख्यानांचे दोन खंड अमेरिकेत प्रसिद्ध केले. तळ्याला मात्र आज सोसेकीच्या 'सान्शिरो' या कादंबरीच्या नायकाचं नाव आहे.

आमची ही व्याख्यानंही कुणीतरी ऐकून, उतरवून तुमच्यापर्यंत पोचवतं.