नारळावरची कुस्ती

आमच्या भागात जत्रेचा फड सुरू होतो तो पोरांच्या कुस्त्यांनी. मोठ्या इनामाच्या जोडी शेवटी, दिवस कलताना. दुपारी हलगी वाजली की आठ-नऊ वर्षांची पोरं लंगोट घट्ट करून मातीत उतरतात. गावचा वस्ताद एकाचा हात वर धरतो, फडभर फिरवतो आणि ओरडतो, "ह्याला जोड हाय काय?" वजनकाटा नाही, जन्मदाखला नाही, सगळं माप डोळ्यानं. गर्दीतनं कुणीतरी आपलं पोरगं पुढं ढकलतं. दोघं माती उचलून एकमेकांच्या हाताला लावतात, आणि बघता बघता एकाची पाठ जमिनीला टेकते. जिंकणाऱ्याला नारळ. त्या नारळाची पुढं घरी चटणी होते, म्हणून बायकांना कुस्तीतलं एवढं तरी पक्कं ठाऊक असतं.

बाकीचं आम्हाला लांबूनच ठाऊक. निपाणीकडच्या आमच्या गावात बायका फडाच्या कडेलासुद्धा बसत नसत. कुणाच्या तरी माडीवरनं, नाहीतर सोडलेल्या बैलगाडीत उभं राहून बघायचं. पण त्या लांबून बघण्यातही एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. घरात वयाचा केवढा मान! धाकटीनं थोरलीच्या आधी ताट घ्यायचं नाही, धाकट्यानं अण्णांपुढं बोलायचं नाही. आणि इथं भर गावासमोर धाकटा थोरल्याच्या पाया पडतो आणि पुढच्याच क्षणाला त्याला उताणा पाडतो. लोक रागावत नाहीत, उलट फेटे उडवतात.

मी अकरा वर्षांची असताना हे घरी करून बघितलं. अण्णा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, तालमीत जाणारा. गवताच्या गंजीपाशी आमची जुंपली. तो हसत हसत अंगावर आला, मी खाली बसले, त्याचा पाय दोन्ही हातांनी ओढला आणि तो गवतात उताणा. त्याला एकेरी पट म्हणतात हे मला फार नंतर कळलं. काकू ओरडत आली, "थोरल्याला पाडतीस व्हय गं? पोरीची जात!" आज्जी मात्र शेंगा फोडत बसली होती ती तशीच बसून राहिली. रात्री झोपताना म्हणाली, "बाहुबली धाकटाच हुता की. भरताला उचललंन, पर आपटलं न्हाई. तू गवतात टाकलंस, बरं केलंस."

ही कथा आपल्याकडं प्रत्येक घरात सांगतात. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध, तिन्हींत धाकटा भाऊ जिंकला. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती आहे, पंपानं कन्नडात नेली. आपण त्यातलं वैराग्य तेवढं उचलतो. कुस्ती तिथंच राहते.

या भागाच्या इतिहासात अशा धाकट्यांच्या कुस्त्या शोधायला लागले, तेव्हा पहिलं नाव आलं खाशाबा जाधवांचं. कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव, जन्म १९२६ चा. पाच भावांत सगळ्यांत धाकटे, वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाचव्या वर्षापासून मातीत. हेलसिंकीचं कांस्यपदक सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला त्याच्या आधीचा एक प्रसंग जास्त मोठा वाटतो. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेले, तर खेळाच्या शिक्षकांनी ह्या साडेपाच फुटांच्या किरकोळ पोराकडं बघून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडं गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग अंगानं मोठ्या, अनुभवानं जुन्या अशा पोरांना त्यांनी एकामागून एक लोळवलं.

बघा, ताकद दोन्ही वेळेला तीच होती. एका मोठ्या माणसानं दार लावलं आणि दुसऱ्यानं उघडलं, एवढाच फरक.

पुढं १९४८ मध्ये ते लंडनला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. लाल मातीतला माणूस मॅटवर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या स्पर्धेला उतरला आणि सहावा आला. मॅटचा एक गुण इथं सांगायला हवा. आपल्या मातीत वजनाचे गट नव्हते, धिप्पाड तोच मोठा मल्ल. ऑलिंपिकमध्ये किलोवर गट. त्यामुळं खाशाबांसारख्या लहान चणीच्या माणसाला आपल्या मापाचा फड मिळाला. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात ते तिसरे आले. जपानच्या इशीशी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना रशियाच्या मल्लासमोर उभं केलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. तरीही स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडलं.

ह्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. परत आल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्या जिंकल्या आणि आलेल्या पैशांतून सरांचं घर सोडवलं. मी हे वाचते तेव्हा खर्डेकरांच्या घरातल्या बाईंचा विचार मनात येतो. घर गहाण पडलं त्या रात्री त्या माऊलीला झोप कशी लागली असेल? तिच्याबद्दल कुठं काही लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

आता आपल्या अगदी जवळचं. चिकोडी तालुक्यातलं एकसंबा. तिथले श्रीपती खंचनाळे, जन्म १९३४ चा. एकसंब्याहून कोल्हापूर जवळ, बेंगळुरू लांब. कुस्ती शिकायची म्हणजे कोल्हापूर, ह्यात घरात चर्चेलाही जागा नसायची. शाहू महाराजांनी देशभरचे मल्ल तिथं आणून ठेवले होते, खासबागेचा आखाडा बांधला होता, पेठेपेठेला तालीम होती. खंचनाळे शाहूपुरीच्या तालमीत वाढले. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. गाव एका राज्यात आणि तालीम दुसऱ्या राज्यात असं झालं. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पहिल्या हिंदकेसरीसाठी दिल्लीत ते उतरले आणि पंजाबचा नावाजलेला मल्ल बंतासिंग याला हरवून किताब घेऊन आले. वय चोवीस. पंजाब म्हणजे त्या काळी कुस्तीतली थोरली पाती, आणि तिला पाडलं सीमेवरच्या एका खेड्यातल्या पोरानं! २०२० च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा कोल्हापूर आणि एकसंबा दोन्हीकडं सुतक होतं.

धाकटे थोरल्यांना पाडतात ते कसं, हे मी अण्णाला विचारलं. तो म्हणाला, "माती लवकर लागली पायजे." पाच-सहा वर्षांचं पोर पहाटे उठून हौदा खणतं. मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मऊ करतात, त्यात पडलं तरी लागत नाही, म्हणून पडायची भीती मोडते. बारा वर्षांपर्यंत जोर-बैठका आणि डाव अंगात इतके मुरतात की विचार करायला लागत नाही. सोळाव्या वर्षी आलेल्या दांडग्याकडं ताकद असते, पण त्याला आठवावं लागतं. शिवाय थोरल्याच्या डोक्यावर अब्रूचं ओझं. लहान पोराकडनं हरलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. लहान पोराला हरायची कसली लाज?

अर्थात दरवेळी धाकटाच जिंकतो असंही नाही. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार आणि दिल्लीचा सत्पाल यांची कुस्ती झाली. सत्पाल ऐन भरातला आणि बिराजदारांपेक्षा वयानं लहान, तरी जिंकले बिराजदार. आप्पा अण्णाला घेऊन ती बघायला गेले होते. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आम्ही ती कुस्ती चुलीपाशी बसून ऐकली.

मला हे सगळं कौतुकाचंच वाटतं असं नाही. जोड लावणाऱ्याचा डोळा चुकतो. नारळासाठी भलत्या वजनाच्या पोरापुढं लेकरू उभं केलं आणि मान लचकली, कान कायमचा सुजला, अशी पोरं मी बघितलीत. बापाची हौस आणि पोराची मान ह्यांचा हिशेब शेवटी आईलाच मांडावा लागतो, हळदीच्या वाटीपाशी. आणि दुधाचाही. आमच्या घरी म्हशीचं धारोष्ण दूध अण्णाला, साय अण्णाला, बदामाची थंडाई अण्णाला. संध्याकाळी तालमीतनं यायला उशीर होई आणि सूर्यास्तानंतर तर आपल्याकडं चूल बंद. मग आई त्याचं ताट घेऊन दिवस मावळायच्या आत तालमीच्या दारापर्यंत जायची. आत जायची नाही. बाईनं तालमीची पायरी चढायची नाही, असं होतं तेव्हा.

पायरी चढलेलीही एक बाई होती. हमीदा बानू, अलीगढच्या म्हणून ओळखल्या जायच्या. पुरुष मल्लांशी लढायच्या. १९५४ साली वडोदऱ्यात बाबा पहलवानाला त्यांनी एक मिनिट चौतीस सेकंदांत हरवलं. त्याच हमीदा बानू कोल्हापुरात जिंकल्या तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, दगड मारले, पोलिस बोलवावे लागले. धाकट्यानं थोरल्याला पाडलेलं ज्या कोल्हापुरानं डोक्यावर घेतलं, त्याच कोल्हापुरानं. बाईनं पुरुषाला पाडणं मात्र त्यांच्या माडीत बसेना.

बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये यायला २००४ साल लागलं. आपल्याकडं महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली ती २०२३ मध्ये, सांगलीला. पुरुषांच्या किताबाला तेव्हा साठ वर्षं उलटून गेली होती. जिंकली प्रतीक्षा बागडी, सांगली जिल्ह्यातलीच. आणि त्याच्याही आधी, २०१८ मध्ये, बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधवनं जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं होतं. कुराश म्हणजे मध्य आशियातली उभ्यानं धरून पाडायची कुस्ती. शेतकऱ्याची लेक, ज्युदोतनं तिकडं वळलेली. जकार्ता हे नाव आमच्या घरात १९६२ पासून होतं, मारुती माने आणि गणपतराव आंदळकरांच्या सुवर्णपदकांमुळं. छप्पन्न वर्षांनी त्याच गावाहून आपल्या शेजारच्या पोरीचं नाव आलं. मी अण्णाला फोन केला, तर तो म्हणाला, "तू बी केलं असतंस." मी काही बोलले नाही. हे वाक्य त्यानं पंचेचाळीस वर्षं आधी काकूसमोर म्हणायला हवं होतं.

गेल्या वर्षी आमच्या जत्रेत पोरींच्याही कुस्त्या ठेवल्या होत्या. मी फडाच्या कडेला खुर्चीवर बसले होते, अण्णा शेजारी. सहावीतली एक पोरगी, आमच्याच गल्लीतली, वस्तादानं हात धरून फिरवली. "हिला जोड हाय काय?" कुणी पुढं येईना. शेवटी हायस्कुलात दहावीला असलेली, तालुक्याला खेळून आलेली एक उंच पोरगी उठली. लोक म्हणाले, नको, लई मोठी हाय. वस्ताद दोघींकडं बघत राहिला, मग आमच्या अण्णाकडं बघितलं. अण्णानं त्या लहानगीला जवळ बोलावलं, मान हलवून बघितली, खांदे दाबून बघितले आणि विचारलं, "पडायला येतंय न्हवं?" ती म्हणाली, "येतंय." तो म्हणाला, "लावा मग."

मोठी हसत हसत अंगावर आली. धाकटी खाली बसली, पाय ओढला.

नारळ घेऊन ती गर्दीत आईला शोधत होती. पण धारा काढायची वेळ झाली म्हणून तिची आई केव्हाच घरी गेली होती.